तारेतूनच करंट घेऊन चालणारा लाइन रोबोट: साक्रीकडच्या १३२ केव्ही लाइनवरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे त्यांनी एवढं वाचलं तरी पुरे. तुमची टॉवर लाइन असेल, दिवसा शंभर अँपिअरच्या वर लोड टिकत असेल आणि काम दिवाळी ते होळीच्या मधे करायचं असेल तर तारेवर चालत कॅमेऱ्याने लाइन तपासणारा हा रोबोट भाड्याने बोलवा, पैसे वसूल होतात. लोड कमी, नाहीतर पोलवरची ३३ केव्ही लाइन, नाहीतर एप्रिल-मेचं ऊन, यातलं एक जरी असलं तर थांबा आणि खालचं सगळं नीट वाचा. पाचपैकी साडेतीन स्टार देतोय, आणि अर्धा स्टार कुठे कापला, एक कुठे कापला ते पण सांगतो.

मी साक्री तालुक्यात लाइन मेंटेनन्सची कामं घेतो, सोलर प्लांटवाल्यांची आणि पवनचक्कीवाल्यांची. ब्राह्मणवेलचं पठार, शिवाजीनगरचा सोलर, दहिवेल, पिंपळनेर, इकडे ज्यांचं येणंजाणं आहे त्यांना माहितीय की खाली कांदा-मका आणि वर तारांचं जाळं असा आमचा तालुका आहे. त्यातली एक लाइन आमच्याकडे आहे, ५० मेगावॅटच्या एका सोलर प्लांटची १३२ केव्ही, सिंगल सर्किट (तीन फेजच्या तीन तारांचा एकच संच), पँथर कंडक्टर (ॲल्युमिनियम-स्टीलची तार). निम्मी लाइन काळ्या मातीतून जाते, तिथे मोटरसायकल पार टॉवरच्या पायापर्यंत जाते, काही त्रास नाही. पण कोंडाईबारीच्या अंगाला डोंगर-नाले सुरू झाले की पुढचा टॉवर समोर दिसतो आणि तिथे पोचायला अख्ख्या नाल्याला वळसा घालावा लागतो. ऊन ४४-४५ ला गेलेलं, हातात दुर्बीण, खांद्याला पाण्याची कॅन, अशी पायी पेट्रोलिंग आमची पोरं वर्षानुवर्षं करतायत, आणि एवढं करून पण तारेची वरची बाजू खालून कोणालाच दिसत नाही. म्हणून हे मशीन बोलवलं. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, मशीन अजून ट्रायलवर आहे आणि पुढच्या मॉडेलमधे बरंच बदलणार असं ते स्वतःच म्हणतात, मला त्याच्या पद्धतीबद्दल लिहायचंय कारण यापुढे अशी मशीनं आपल्याकडे येत राहणार आणि आपल्याला पारखता आली पाहिजेत.

माहितीपत्रकात पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, चार्जिंगची गरज नाही, लाइनवरूनच ऊर्जा. हे खोटं नाही. पण ते कधी खरं आणि कधी नाही हे तुमच्या लाइनवर ठरतं.

पद्धत समजायला सोपी आहे, सबस्टेशनमधे करंट मोजायला सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) असते तीच. चुंबकीय धातूच्या कोरचं एक कडं, दोन अर्ध्या तुकड्यांचं, बिजागरीने उघडतं-मिटतं, ते तारेभोवती बंद करायचं. तारेतून ५० हर्ट्झचा करंट वाहिला की त्याचं चुंबकीय क्षेत्र कोरमधून फिरतं, कोरवर गुंडाळलेल्या तांब्याच्या वायरीत (तिला सेकंडरी म्हणतात) व्होल्टेज तयार होतं, ते रेक्टिफाय करून मोटरला, कॅमेऱ्याला, कंट्रोलरला द्यायचं आणि उरलं तर बॅटरीत. रोबोट चाकांवर तारेला लटकतो, जमिनीशी कुठेच संबंध नाही, त्यामुळे तारेवर बसलेल्या पाखराला जसं काही होत नाही तसं यालाही होत नाही.

इथे बहुतेक लोक एका गोष्टीत गोंधळतात. प्लांटच्या साहेबांनी पण हेच विचारलं होतं, की १३२ केव्ही एवढी मोठी लाइन, मग पावरला काय तोटा? पण या पद्धतीत केव्हीचा काही उपयोग नाही, सगळं अँपिअरवर आहे. लाइन चार्ज असली आणि लोड नसला तर हा रोबोट उपाशीच. तारेच्या विद्युत क्षेत्रातून पण थोडी ऊर्जा घेता येते, पण ती एखाद्या छोट्या सेन्सरपुरती, त्यावर मोटर फिरत नाही.

हिशोब करून बघा, अवघड नाही. कोरचं क्रॉस सेक्शन १० चौरस सेंटिमीटर आणि फ्लक्स डेन्सिटी १ टेस्ला धरली तर ट्रान्सफॉर्मरच्या नेहमीच्या सूत्राने ४.४४ गुणिले ५० गुणिले १ गुणिले ०.००१, म्हणजे एका टर्नला (वेढ्याला) ०.२२ व्होल्ट. तार कोरमधून एकदाच जाते म्हणजे प्रायमरी एकच टर्न, मग १०० अँपिअरला जास्तीत जास्त २२ व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर), आणि प्रत्यक्षात हातात निम्मं पडलं तरी चांगलं म्हणायचं. असा कोर साधारण दीड किलोचा होतो. पावर वाढवायची तर कोर जाड करा, पण मग वजन वाढतं, वजन वाढलं की मोटरला पावर जास्त लागते, मग परत कोर जाड, असं ते चक्र आहे, त्यामुळे पाच-दहा अँपिअरच्या लाइनवर पण चालेल असं कोणी छातीठोक सांगितलं तर त्याला कोरचं वजन विचारा. आमचा ५० मेगावॅटचा प्लांट भर दुपारी पूर्ण जोरात असला की १३२ केव्हीला २१९ अँपिअर होतात, म्हणजे एका कोरला कागदावर ४८ व्हीए, आणि या मशीनला दोन कोर आहेत, पुढच्या हाताला एक, मागच्या हाताला एक. त्यात चाल, कॅमेरा, थर्मल कॅमेरा, रेडिओ सगळं भागून बॅटरीत पण जातं. सकाळी आठच्या सुमाराला प्लांट जेमतेम पाचव्या हिश्श्यावर असतो, करंट ४०-४५, तेव्हा मात्र बॅटरी हळूहळू उतरताना स्क्रीनवर दिसते. आणि हो, ही ऊर्जा येते आपल्याच लाइनमधून, आकाशातून नाही, पण ५० मेगावॅटमधले ५० वॅट म्हणजे दहा लाखावा हिस्सा, मीटरवर कधी दिसणार पण नाही, त्यामुळे अकाउंटवाल्यांनी घाबरू नये.

तारेवर चढवायच्या आदल्या संध्याकाळी कंपनीच्या टीमने आमच्या शेडमधे प्रायमरी इंजेक्शन किट (लाइनसारखा मोठा करंट सोडणारं टेस्टचं मशीन) लावून टेस्ट घेतली, आणि ती मला सगळ्यात आवडली कारण तिथे मशीन हातभर अंतरावरून बघता आलं. केबलचा लूप कोरमधून काढला, करंट शंभरवर नेला, कोरमधून एक बारीक एकसारखी गुणगुण यायला लागली. मग त्यांच्यातल्या एका पोरीने कोर उघडून तोंडावर चिमूटभर आपली इथलीच धूळ टाकली आणि परत मिटवला. गुणगुण गेली आणि खडखड सुरू झाली, आणि स्क्रीनवरचे वॅट धाडकन खाली. कोरची दोन तोंडं गुळगुळीत घासलेली असतात, मधे एक दशांश मिलिमीटरची फट पडली तरी चुंबकीय मार्ग तुटतो आणि पावर जाते. तिने सुती कापडाने तोंड पुसलं, मिटवला, परत तीच बारीक गुणगुण. आपल्याकडे मार्चनंतर जी वावटळ उठते आणि जी लाल-काळी धूळ तारेवर बसते ती बघता हा प्रश्न छोटा नाही. कोरच्या तोंडाला ब्रश आहे, उघडताना-मिटताना तो फिरतो, पण माझ्या मते तो अपुरा आहे, रोज संध्याकाळी मशीन खाली घेऊन पुसावंच लागतं. अर्धा स्टार इथे कापला.

कोर उघडण्याची पद्धत पण सांगण्यासारखी आहे. सीटीची सेकंडरी कधी उघडी ठेवायची नाही हे आयटीआयच्या पोराला पण पाठ असतं. इथे तेच. रोबोटला डॅम्पर (तारेची थरथर कमी करणारं वजन) नाहीतर क्लॅम्प (टॉवरपाशी तार धरणारी पकड) ओलांडायचा असला की आधी सेकंडरी शॉर्ट करतो, शॉर्ट केली की कोरमधला फ्लक्स पडतो, दोन तुकडे एकमेकांना खेचत नाहीत आणि छोट्या मोटरने अलगद उघडतात. शॉर्ट न करता उघडायला गेलं तर एक तर तुकडे सुटत नाहीत, आणि वर व्होल्टेज उसळून इलेक्ट्रॉनिक्स जाळेल. पुढचा हात उघडला तोपर्यंत मागचा कोर पावर घेत राहतो, पुढचा पलीकडे मिटला की मग मागचा उघडतो. हे काम फार शिस्तीत होतं, बघत राहावंसं वाटतं, मी आणि आमची सगळी गँग माना वर करून बघतच होतो.

पण सगळेच अडथळे ओलांडतो असं नाही. ए टाइप टॉवर, म्हणजे सरळ सस्पेन्शनचा, तिथे तार क्लॅम्पमधून सरळ जाते, तो पार करतो. बी, सी, डी टाइप टेन्शनचे टॉवर, जिथे तार सलग न जाता दोन्ही बाजूंनी ताणून बांधलेली असते आणि मधला जोड, म्हणजे जंपर, खाली लोंबतो, तिथे थांबतो. म्हणजे एका टेन्शन टॉवरपासून पुढच्या टेन्शन टॉवरपर्यंत जो सेक्शन असतो तेवढंच एका चढवणीत होतं, मग खाली घ्या, पलीकडे चढवा. सपाटीवर सेक्शन लांब असतात तिथे मजा येते, डोंगरात लाइन सारखी वळते त्यामुळे सेक्शन आखूड आणि चढव-उतर जास्त. म्हणजे जिथे पायी फिरायचा त्रास सगळ्यात जास्त तिथेच मशीनचा वेग सगळ्यात कमी, हे त्यांनी आधी सांगायला पाहिजे होतं, रेट ठरवताना याचा विषय निघाला नाही. पोलवरच्या ३३ केव्हीचं तर विचारूच नका, तिथे तार पिन इन्सुलेटरच्या डोक्यावर बांधलेली असते, लटकणारं मशीन ते पार करू शकत नाही. आमच्याकडच्या बऱ्याच पवनचक्क्यांच्या लाइनी याच प्रकारच्या, त्या आपोआप बाद.

चढवायला शटडाउन लागतोच, लाइन बंद, परमिट (कामाची लेखी परवानगी), दोन्ही बाजूला अर्थिंग, मग बास्केटने वर. इथे सोलरवाल्यांचा एक मोठा फायदा आहे. प्लांट रात्री झोपलेला असतो, त्यामुळे पहाटे शटडाउन घेतला तर जनरेशनचं एक युनिट पण बुडत नाही. आम्ही पहाटे बॅटरीच्या उजेडात चढवायचो, सहाच्या आसपास लाइन चार्ज, आणि मग ऊन चढेल तसा करंट वाढत जायचा, आधी स्क्रीनवर मिणमिण पाच-सहा वॅट, मग वीस, मग चाळीस, आणि रोबोट चालायला लागायचा.

आता ऊन. हा मुद्दा त्यांच्या माहितीपत्रकात एका ओळीत आहे आणि खान्देशात तोच सगळ्यात मोठा आहे. लिथियम बॅटरी ६० डिग्रीपर्यंत पावर देऊ शकते, पण चार्ज साधारण ४५ डिग्रीपर्यंतच करायची असते, त्याच्यावर चार्ज केली तर ती खराब होते म्हणून कंट्रोलर चार्जिंग बंदच करतो. आमचं पहिलं काम एप्रिलमधे झालं. बाहेर सावलीत ४२, तारेवर उघड्या उन्हात बॅटरीचा डबा त्याच्या कितीतरी वर. भर दुपारी बारा ते तीन, जेव्हा करंट सगळ्यात जास्त, कोरमधून पावर भरभरून येतेय, नेमकं तेव्हाच बॅटरी घेईना. येणाऱ्या पावरवर चालत राहिला ते ठीक, पण क्लॅम्प ओलांडताना एक कोर उघडला की पावर निम्मी होते आणि त्याच वेळी हाताच्या मोटरला झटका जास्त लागतो, तो झटका बॅटरीतून यायचा, आणि बॅटरी सकाळच्या कमी करंटमधे आधीच उतरलेली. शेवटी दुपारचे तीन तास थांबवून काम करावं लागलं. टीमने नंतर डब्यावर पांढरं कव्हर लावलं, मधे हवेला जागा ठेवली, थोडा फरक पडला, पण मूळ गोष्ट डिझाइनची आहे. इथे सुपरकॅपॅसिटर पाहिजे, उन्हाचं त्याला एवढं वाकडं नाही आणि झटका द्यायला तो बॅटरीपेक्षा चांगला. नवीन मॉडेलमधे देणार म्हणतात. एक स्टार याच्यासाठी कापला.

नंतर डिसेंबरमधे परत बोलवलं तेव्हा तेच मशीन, तीच लाइन, आणि कसलीच तक्रार नाही. थंडीत आपल्याकडे आकाश निरभ्र, ऊन स्वच्छ, प्लांट दुपारी चांगला चालतो आणि हवा तीसच्या आसपास. सकाळी नऊनंतर बॅटरी जी भरत गेली ती संध्याकाळपर्यंत भरलेलीच. म्हणून वर दिवाळी ते होळी लिहिलंय.

पण हीच दिवाळी ते होळी पवनचक्कीच्या लाइनला उलटी पडते. शेजारच्या पवनचक्कीवाल्यांनी आपल्या एका १३२ केव्ही लाइनवर त्याच टीमला थंडीत बोलवलं. आपल्याकडे वारा खरा वाहतो मे ते सप्टेंबर, नैर्ऋत्येचा, थंडीत पंखे बऱ्याचदा नुसते उभे. करंट कधी दहा, कधी तीस, कधी एकदम सत्तर आणि परत खाली. रोबोट अर्धा सेक्शन चालला की करंटची वाट बघत बसायचा, शेवटी चार्जरवर भरलेल्या बॅटऱ्या बदलून काम उरकलं, मग त्या ऊर्जा घेण्याच्या सोयीचे वेगळे पैसे कशाला? आणि पावसाळ्यात, जेव्हा लोड तुडुंब, तेव्हा विजा आणि वादळ असताना कोणी शहाणा माणूस मशीन तारेवर सोडणार नाही. पवनचक्कीवाल्यांनो, आपल्याला ड्रोनच बरा, निदान आत्ता तरी.

मशीनने काय शोधलं ते महत्त्वाचं. एप्रिलच्याच फेरीत नाल्यावरच्या लांब स्पॅनला (दोन टॉवरमधल्या तारेला), सस्पेन्शन क्लॅम्पच्या तोंडाशी, आर्मर रॉड (तारेवर गुंडाळलेलं सळ्यांचं संरक्षक आवरण) सरकलेला आणि तारेच्या वरच्या बाजूला दोन स्ट्रँड (पिळातल्या सुट्या तारा) तुटून उभ्या राहिलेल्या. पँथरमधे ॲल्युमिनियमच्या ३० आणि स्टीलच्या ७ स्ट्रँड असतात, दोन गेल्याने तार लगेच पडत नाही, पण नाल्यातल्या वाऱ्याने तार रात्रंदिवस थरथरते, दोनाच्या चार व्हायला वेळ लागत नाही. खालून ते कधीच दिसलं नसतं, आम्ही त्या टॉवरखाली कितीदा उभे राहिलोय. फोटो इतका जवळून होता की तुटलेल्या टोकावरचा पांढरट गंज दिसत होता. रात्री शटडाउन घेऊन रिपेअर स्लीव्ह (तुटक्या जागेवर बसवायची धातूची नळी) टाकली.

दुसरं सापडलं ते एका मिड स्पॅन जॉइंटवर (दोन टॉवरच्या मधे तारेला तार जोडलेली जागा). सकाळी साठ अँपिअर असताना थर्मल कॅमेऱ्यात जॉइंट आजूबाजूच्या तारेपेक्षा तीन डिग्री गरम, कोणी लक्ष पण दिलं नसतं. दुपारी दोनशे अँपिअर झाले तेव्हा तोच जॉइंट तीस डिग्रीच्या वर. बरोबरच आहे, उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, करंट सव्वातीन पट झाला की उष्णता अकरा पट. आणि मला या मशीनचं खरं मोल इथे दिसलं, ज्या करंटवर ते चालतं तोच करंट खराब जॉइंटला उघडा पाडतो. लोड जास्त तेव्हा रोबोटचं पोट पण भरलेलं आणि फॉल्ट पण दिसतो. लोड नसताना लाइन बघून सगळं ओके असा रिपोर्ट देणारे खूप आहेत, त्यामुळे थर्मलचा कुठलाही रिपोर्ट हातात पडला की फोटोच्या वेळी लोड किती होता ते आधी विचारा. अजून एक, नवीन चकचकीत ॲल्युमिनियम थर्मल कॅमेऱ्यात आहे त्यापेक्षा थंड दिसतं, आम्ही टाकलेली नवी स्लीव्ह अशीच थंडगार दिसत होती, तिच्यावर विश्वास ठेवू नका, जुन्या काळवंडलेल्या तारेचं रीडिंग जास्त खरं.

एकदा भर दुपारी लाइन ट्रिप झाली, फॉल्ट ग्रिडच्या बाजूला कुठेतरी होता. रोबोट स्पॅनच्या मधोमध. फॉल्टमधे काही क्षण हजारो अँपिअर वाहू शकतात, मला वाटलं आता इलेक्ट्रॉनिक्स गेलं. पण कोर एका मर्यादेनंतर सॅच्युरेट होतो (त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही), आणि उसळी खाणारं व्होल्टेज आतलं प्रोटेक्शन शॉर्ट करून मारतं, मशीनला काही झालं नाही. करंट शून्य झाला तसं त्याने चाल थांबवली, कॅमेरे बंद केले, फक्त रेडिओ चालू ठेवून गप्प बसला. लाइन परत आली, प्लांट हळूहळू उचलला, पंधरा-वीस मिनिटांत परत चालायला लागला. याला पूर्ण मार्क. बॅटरीवरच्या ड्रोनला अशा वेळी काही फरक पडत नाही हे खरं, पण ड्रोन वीस-पंचवीस मिनिटांत खाली येतो, उन्हात त्याहून लवकर.

ड्रोनचा विषय निघालाच आहे तर, डेन्मार्कमधे सदर्न डेन्मार्क युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०२४ मधे असा ड्रोन दाखवला जो उडत जाऊन तारेला पकडतो, तिथे लटकून याच पद्धतीने तारेच्या करंटवर बॅटरी भरतो आणि परत उडतो, असं पाच वेळा भरून दोन तासांच्या वर काम केलं. मला वाटतं आपल्या डोंगराळ लाइनीला पुढे तेच कामाचं, कारण त्याला टेन्शन टॉवर आडवा येत नाही. कॅनडात हायड्रो-क्वेबेकचा लाइनस्काउट म्हणून रोबोट आहे, ७३५ केव्हीपर्यंतच्या चालू लाइनवर जातो, पण तो बॅटरीवरचा आणि वजन शंभर किलोच्या घरात. म्हणजे बॅटरीवर पण मोठी कामं होतात, तारेतून ऊर्जा घेणं ही सोय आहे, ती नसेल तर मशीन बेकार असं नाही. फक्त आपल्याकडे जिथे भर कामात बॅटरीसाठी मशीन खाली आणायचं म्हणजे अर्धा दिवस जातो तिथे ही सोय फार मोलाची आहे.

टीमबद्दल. पोरं मेहनती, वेळेवर येणारी, सेफ्टीत एक नंबर, परमिट हातात आल्याशिवाय तारेकडे बघत पण नव्हती. रिपोर्ट मात्र सुधारायला पाहिजे. दीडशे पानांची इंग्रजी पीडीएफ, त्यात फोटोचा नंबर आणि टॉवरचा नंबर काही ठिकाणी जुळत नव्हता, रोबोटने सेक्शनमधले टॉवर स्वतःच्या हिशोबाने मोजले होते. लाइनमनला हवं असतं टॉवर नंबर, फेज कोणता, बाजू कोणती आणि एक स्पष्ट फोटो, तेवढं मोबाइलवर मराठीत आलं की काम सुरू. सांगितल्यावर दुसऱ्या वेळी त्यांनी तशी शीट दिली, हे कौतुकाने लिहितो.

आमच्याकडे जुने लाइनमन आहेत, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. पहिल्या दिवशी ते मला म्हणाले, "भाऊ, हाई तार दखाडस, पन पाना कोन फिरवी?" (म्हणजे हे तार दाखवतं, पण पाना कोण फिरवणार?) प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर पुढच्या दिवसांत मिळत गेलं. एका टॉवरच्या डिस्क इन्सुलेटरवर काळा-पांढरा ओघळ होता, ऑपरेटरने फ्लॅशओव्हरची (इन्सुलेटरवरून वीज उडी मारल्याची) खूण म्हणून लाल मार्क केला. आप्पांनी स्क्रीन जवळ घेऊन बघितली, म्हणाले ही पाखराची घाण आहे, वर क्रॉस आर्मवर बसतात, फ्लॅशओव्हर असता तर डिस्कच्या कडेची चमक उडालेली असती. रात्री जाऊन बघितलं, घाणच होती. दुसऱ्या एका टॉवरवर आग्या मोहोळ आहे हे फक्त त्यांना माहिती, तो स्पॅन उन्हाच्या वेळी घेऊ दिला नाही, नाहीतर खाली उभ्या माणसांचं काही खरं नव्हतं. मशीनने आप्पांचे नाल्यातले वळसे वाचवले, वयाच्या मानाने ते वाचायलाच हवे होते, पण फोटो वाचायला आप्पाच लागतात. ज्या कंपन्या रोबोट आला म्हणून लाइनमन कमी करायचा विचार करतायत त्यांना मी मनापासून सांगतो, करू नका.

खर्च किलोमीटरवर आहे, ड्रोनवाल्याच्या साधारण दीडपट पडतो, चढव-उतरचे वेगळे, आणि बास्केटची गाडी आपली. सपाट लाइनला परवडतो, डोंगराच्या भागाला भाव घासून घ्या.

बोलवण्याआधी प्लांटच्या स्काडामधून (नोंदी ठेवणाऱ्या कॉम्प्युटर सिस्टिममधून) वर्षभराचा तासातासाचा करंट काढा आणि सरासरी बघू नका, कामाच्या वेळेतला कमीत कमी किती ते बघा. मग कंपनीला लेखी विचारा की किती अँपिअरला मशीन चालायला लागतं आणि किती अँपिअरला चालत असताना बॅटरी पण भरते, हे दोन आकडे वेगळे असतात आणि विक्रीवाले पहिलाच सांगतात. बॅटरी किती डिग्रीला चार्जिंग तोडते ते विचारा, सेक्शननुसार टेन्शन टॉवर मोजून द्या आणि त्यावर रेट घ्या, आणि कोर शेडमधे आपल्या डोळ्यासमोर इंजेक्शन किटवर चालवून दाखवायला लावा, जमलं तर धूळ टाकून. आम्ही सपाटीवरचे सगळे सेक्शन येत्या डिसेंबरसाठी बुक केलेत, घाटाकडचे सेक्शन ड्रोनला दिलेत, आणि नाल्यावरचा तो स्लीव्ह टाकलेला स्पॅन दोघांकडून पण बघून घेणार आहोत.